कुंपण ओलांडून आलेले आणि मुदत उलटून राहिलेले

अमेरिकेतील बेकायदा स्थलांतराचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: मेक्सिकोच्या सीमेवरचे उंच पोलादी कुंपण आणि ते कसेबसे ओलांडणारी माणसे. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. त्या देशात कागदपत्रांविना राहणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांनी कुंपण कधी पाहिलेही नसावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ते विमानतळावर रांगेत उभे राहिले, त्यांनी बोटांचे ठसे दिले, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली, रीतसर आत आले आणि परवानगीची मुदत संपल्यावर परत गेले नाहीत. या दोन्ही गटांना एकाच दावणीला बांधून जे उपाय सुचवले जातात, त्यांतील बहुतेकांची गत ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी होते. भिंत कितीही उंच बांधली, तरी जो विमानाने आला त्याला ती आडवी येत नाही.

पहिल्या गटाची माहिती वाचकांना असतेच, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. तपासणी चुकवून सीमा ओलांडणे हा अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एकदा हद्दपार झाल्यावर पुन्हा चोरून येणाऱ्याला त्याहून बरीच कडक शिक्षा आहे. मुदत उलटून राहणे हे मात्र दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन आहे. त्यासाठी हद्दपारी होते, पण केवळ तेवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. ‘सगळे गुन्हेगारच’ म्हणणारे आणि ‘कोणीच गुन्हेगार नाही’ म्हणणारे, दोघेही अर्धवट वाचून बोलतात.

जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो. गेल्या दशकात सीमेवर आलेल्यांपैकी पुष्कळ जण लपतछपत आलेले नव्हते. ते नदी ओलांडून स्वतःहून गस्ती पथकासमोर उभे राहिले आणि त्यांनी आश्रय मागितला, कारण अर्जदार अधिकृत नाक्यावरून आला की अन्य ठिकाणाहून, हे न पाहता आश्रयाचा अर्ज करण्याची मुभा अमेरिकी कायद्यातच लिहिलेली आहे. अशा माणसाला कॅमेरे, ड्रोन आणि भिंत यांनी अडवता येत नाही. त्याच्या अर्जाचा निकालच लावावा लागतो. स्थलांतर न्यायालयांत तीस लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली आहेत. निकालाला वर्षानुवर्षे लागली की खरा पीडित टांगणीला लागतो, आणि लटका दावा करणाऱ्याला मात्र तेवढी वर्षे फुकट मिळतात. पोलादापेक्षा न्यायाधीशांवर पैसा खर्च करावा, हे माझे मत इथूनच आले आहे.

आता दुसरा गट. इथे पहिला घोटाळा व्हिसाच्या तारखेचा होतो. व्हिसावर छापलेली तारीख ही अमेरिकेच्या दारात येऊन प्रवेश मागण्याची शेवटची तारीख असते. किती दिवस राहता येईल, हे ठरते सीमेवरच्या अधिकाऱ्याने दिलेल्या आय-९४ नोंदीवरून. दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असलेल्या माणसाला एका खेपेस साधारणपणे सहाच महिने मिळतात. याउलट, व्हिसा गेल्या महिन्यात संपला पण आय-९४ वरची तारीख पुढची आहे, असा माणूस पूर्णपणे कायदेशीर असतो. विद्यार्थ्यांच्या नोंदीवर तर बहुधा तारीखच नसायची. तिथे ‘डी/एस’ अशी दोन अक्षरे असायची, म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा टिकून आहे तोवर मुक्काम. हा घोटाळा त्रासदायक आहे खरा, पण एकदा समजला की संपतो.

जो संपत नाही, आणि चांगले शिकलेसवरलेले लोकही ज्यात सपशेल चुकतात, तो फरक वेगळाच आहे. समज असा असतो की चोरून आलेला काय आणि मुदत उलटलेला काय, आज दोघेही सारखेच बेकायदा, म्हणून दोघांपुढचे मार्गही सारखेच. कायदा असे मानत नाही. आज तुमचा दर्जा काय आहे याइतकेच, काही बाबतींत त्याहूनही अधिक, महत्त्व तो तुम्ही आत कसे आलात याला देतो.

दोन माणसे घेऊ. दोघेही एकाच उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात बारा वर्षे राबत आहेत, दोघांकडेही कागद नाहीत, आणि दोघांनीही अमेरिकी नागरिक असलेल्या स्त्रियांशी खरेखुरे लग्न केले आहे. पहिला पर्यटक व्हिसावर विमानाने आला होता; दुसरा मेक्सिकोतून ॲरिझोनाच्या वाळवंटातून चालत आला. पहिल्याची पत्नी त्याच्यासाठी अर्ज भरते, आणि तो अमेरिकेतच राहून ग्रीन कार्ड मागू शकतो. बारा वर्षे मुदतबाह्य राहिला, परवानगीविना काम केले, तरी नागरिकाचा जोडीदार म्हणून कायदा त्याच्या या दोन्ही चुकांकडे कानाडोळा करतो. मंजुरी अधिकाऱ्याच्या विवेकाधीन असते, पण दार उघडे असते. कारण एकच: स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम २४५ नुसार देशात राहून दर्जा बदलून घेण्यासाठी माणसाची तपासणी होऊन त्याला प्रवेश दिलेला असावा लागतो, किंवा सरकारने त्याला ‘पॅरोल’वर, म्हणजे तात्पुरत्या विशेष परवानगीवर, आत घेतलेले असावे लागते. पहिल्याची तपासणी झाली होती. दुसऱ्याची झाली नव्हती.

मग दुसऱ्याने काय करायचे? त्याने देश सोडून आपल्या मायदेशातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात, म्हणजे सिउदाद हुआरेस येथे, मुलाखतीला जायचे. इथेच खरे घोडे पेंड खाते. १९९६ च्या कायद्याने असे ठरवले की सलग १८० दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत बेकायदा राहून जो स्वतःहून निघून जाईल, त्याला तीन वर्षे प्रवेशबंदी, आणि जो वर्ष किंवा त्याहून अधिक राहून जाईल, त्याला दहा वर्षे. बंदी केव्हा लागू होते, हे नीट वाचावे: बेकायदा राहताना नव्हे, तर देश सोडताना. आमच्या दुसऱ्या माणसाने ग्रीन कार्ड मिळवण्यासाठी सीमेपलीकडे पाऊल टाकले की त्याच क्षणी दहा वर्षांची बंदी त्याच्या मानगुटीवर बसते. न राहवून तो पुन्हा चोरून आत आला, तर ती बंदी कायमची होते, आणि देशाबाहेर दहा वर्षे काढल्याखेरीज त्याला परतीची परवानगी मागण्याचीही सोय उरत नाही.

यातून सवलत मागता येते, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा आईवडिलांना ‘पराकोटीची हालअपेष्टा’ सोसावी लागेल, हे सिद्ध करावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या हालअपेष्टा त्यासाठी स्वतंत्रपणे मोजल्या जात नाहीत. ‘मूल तिथे जन्मले की आईबापांचे काम झाले’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते किती पोकळ आहे हे यावरून दिसावे. २०१३ पासून या सवलतीचा निर्णय देश सोडण्यापूर्वी मागता येतो, ही चांगली सुधारणा झाली. पण निकालाला काही वर्षे लागतात.

म्हणूनच ‘त्यांनी रांगेत यावे’ हा सल्ला ऐकला की मला चीड येते. पहिल्या माणसासाठी, त्याने नागरिकाशी लग्न केले म्हणून, रांग आहे. दुसऱ्यासाठी रांग देशाबाहेर आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचणे हाच दंडनीय प्रकार आहे. आणि ज्यांचा ना जवळचा नातेवाईक नागरिक, ना कोणी मालक अर्ज भरायला तयार, त्यांच्यासाठी तर रांगच नाही. लोकांनी निघून जावे म्हणून केलेल्या या कायद्याने त्यांना आहे तिथेच खिळवून ठेवले. जाण्यालाच शिक्षा लावली तर शहाणा माणूस जाणार नाही, हे १९९६ मध्येही कळायला हरकत नव्हती.

२०२४ च्या जूनमध्ये बायडन सरकारने जी योजना आणली होती, तिचा गाभा हाच होता. दुसऱ्या माणसासारख्या जोडीदारांना देशातच पॅरोल द्यायचा, म्हणजे कलम २४५ ची अट पुरी होऊन त्यांना बाहेर जावे लागणार नाही. बऱ्याच जणांना ती सरसकट माफी वाटली. ती माफी नव्हती. पहिल्याला जे दार आधीपासून उघडे आहे, ते दुसऱ्याला उघडण्याचा तो प्रयत्न होता. टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती रद्द केली. संसदेने करायचे काम सरकारी आदेशाने उरकू पाहिले की असेच व्हायचे.

हा फरक ध्यानात आला की उपायांची छाननी सोपी होते. मुदत उलटून राहणाऱ्यांसाठी पहिला प्रश्न असा की कोण गेले आणि कोण राहिले, हे सरकारला ठाऊक आहे का? प्रवेश आणि निर्गमन दोन्हींची नोंद ठेवावी, असे संसदेने १९९६ मध्येच सांगितले होते. प्रवेशाची नोंद चोख झाली, निर्गमनाची रखडली. हवाई आणि सागरी मार्गांच्या २०१६ या आर्थिक वर्षाच्या आकडेवारीत परत जाणे अपेक्षित असलेल्या सुमारे ५ कोटी लोकांपैकी सुमारे ७.४ लाख, म्हणजे दीड टक्क्याच्या आतबाहेर, मुदतीत गेलेले आढळले नाहीत. जमिनीवरच्या सीमेवर उत्तरेकडे एक सुटसुटीत तोड निघाली: कॅनडात झालेला प्रवेश हीच अमेरिकेतून झालेल्या निर्गमनाची नोंद, आणि उलट दिशेनेही तसेच. दोन्ही देश ही माहिती एकमेकांना देतात, नवे नाके बांधावे लागत नाहीत. दक्षिणेला अशी व्यवस्था नाही. भिंतीच्या खर्चाचा लहानसा अंश त्यावर घालवला असता तर अधिक पदरात पडले असते.

ऑगस्ट २०२५ पासून काही देशांच्या पर्यटकांकडून १५ हजार डॉलरपर्यंत अनामत घेण्याचा प्रयोग सुरू झाला. परत गेल्यावर पैसे परत. रोख योग्य गटावर आहे, हे मान्य करतो. पण वेळेत परतणाऱ्या बहुसंख्यांनी इतरांपायी एवढी रक्कम अडकवून ठेवावी, हे मला पटत नाही.

मालकांकडून होणारी कागदपत्रांची पडताळणी हा एकच उपाय दोन्ही गटांना सारखा लागू पडतो. १९८६ च्या कायद्याने ती मालकांवर बंधनकारक केली, आणि ‘ई-व्हेरिफाय’ ही संगणकीय तपासणी ॲरिझोनासारख्या राज्याने २००८ पासून सक्तीची केली. तिची उणीव अशी की ती प्रामुख्याने सरकारी ओळख क्रमांक आणि नाव जुळवते. दुसऱ्याचे खरे नाव व खरा क्रमांक घेऊन आलेला माणूस सहज पुढे सरकतो. शिवाय कामगार येण्याची कायदेशीर वाट न काढता ही सक्ती केली, तर काम थांबत नाही, रोखीने चालू राहते. दुग्धव्यवसायाचे पाहा. शेतीच्या एच-२ए व्हिसाला संख्येची मर्यादा नाही, पण तो हंगामी कामासाठीच मिळतो. गाई बाराही महिने दूध देतात, म्हणून गोठ्यातल्या कामाला तो सहसा लागू होत नाही. आणि अकुशल कामगारांच्या कायमच्या व्हिसांची कायद्यातली कमाल मर्यादा आहे वर्षाला १० हजार, तीही साऱ्या जगासाठी. १९८६ मध्ये सुमारे २७ लाख लोकांना नियमित केले गेले, पण उद्या लागणाऱ्या मजुरांचे काय, हे त्या कायद्याने मोकळेच सोडले, आणि पुढच्या वीस वर्षांत तीच समस्या दुपटीहून मोठी होऊन परतली.

संसदेपुढे आलेल्या २०१३ च्या स्थलांतर सुधारणा विधेयकात निर्गमनाची नोंद, मालकांची सक्तीची पडताळणी, कामगारांचा नवा व्हिसा आणि आधीच राहणाऱ्यांसाठी लांबलचक अटींचा मार्ग हे सगळे एकत्र होते. सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाने मतदानालाही घेतले नाही. एवढे मोठे गाठोडे पुन्हा बांधले जाईल असे मला वाटत नाही, म्हणून त्यातले सुटे धागे ओढावेत. माझी निवड ठरलेली आहे. तीन आणि दहा वर्षांची बंदी रद्द करावी. आणि ‘रजिस्ट्री’ची तारीख पुढे आणावी. १९२९ पासून चालत आलेल्या या तरतुदीने दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला, तो कसा आला हे न पाहता, ग्रीन कार्ड मागता येते. मात्र तो १ जानेवारी १९७२ पूर्वी आलेला हवा. ही तारीख शेवटची बदलली गेली १९८६ मध्ये. १९७३ मध्ये आईच्या कडेवर आलेले मूल आज पन्नाशी ओलांडून गेले, तरी ते या तरतुदीत बसत नाही. ठरावीक तारखेऐवजी ‘इतकी वर्षे सलग वास्तव्य’ एवढी एक दुरुस्ती केली, तर कुंपण ओलांडून आलेला आणि मुदत उलटून राहिलेला, दोघांनाही ती एकाच मापाने लागू होईल, आणि दर पिढीला नव्या माफीचा वाद घालत बसावे लागणार नाही.