काश्मिरी कहवा आणि अरबी कहवा

रावेर-सावद्याची केळी आखाती देशांत जातात, आणि उन्हाळा तापला की जळगाव-भुसावळची बरीच मंडळी काश्मीरला जातात. त्यामुळे दुबईहून आलेला भाचा एक पुडा देतो, श्रीनगरहून आलेली वहिनी दुसरा. दोन्ही 'कहवा'. दोन्ही पिवळसर, बिनदुधाचे, दोन्हींत वेलची, कधी केशरही. मग आपण दोन्हींना ग्रीन टी समजून मोकळे होतो.

काश्मिरी कहवा हा खरंच ग्रीन टी आहे. दालचिनी, वेलची, केशर आधी पाण्यात उकळायचं, पत्ती शेवटी एखाद-दोन मिनिटं. भुकटी काळी होईस्तोवर उकळायची आपली सवय इथे आवरायला हवी, नाहीतर कडवट होतो. वर साखर किंवा मध आणि बदामाचे काप. तिकडे तो तांब्याच्या समोवारात होतो: मधोमध नळीत निखारे, भोवती पाणी. (मिठाचा गुलाबी नून चाय हा तिसराच प्रकार.)

अरबी कहवा मात्र कॉफी. बिया इतक्या हलक्या भाजतात की रंग सोनेरीच राहतो, म्हणून कॉफी म्हणून ओळखूच येत नाही. भरड दळून उकळतात, वेलची घालतात. साखर नाही, गोडाला सोबत खजूर.

खरी गंमत पाजण्याच्या रीतीत आहे. चोचीची किटली, म्हणजे दल्ला, डाव्या हातात धरायची. बिनकानाचा छोटा कप, फिंजान, उजव्या हाताने द्यायचा आणि पाहुण्यानेही उजव्यानेच घ्यायचा. कपात ओततात जेमतेम पाव भाग. आपल्याकडे एवढाच चहा दिला तर गावभर चर्चा होईल. तिथे काठोकाठ भरलेला कप म्हणजे 'प्या आणि निघा'. रिकामा कप पुढे केला की पुन्हा ओततात. नको असेल तर कप हलकेच हलवायचा, की यजमान थांबतो. हे मला फार आवडतं. आपल्याकडे 'नको' म्हटलं की 'घ्या ना भाऊ, अर्धा तं घ्या' सुरू होतं आणि अर्ध्याच्या नावाखाली अख्खा येतो. अरबी कहव्याच्या या आदरातिथ्याची युनेस्कोने २०१५ मध्ये वारसा म्हणून नोंद केली, आणि अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर दल्लाच आहे.

घरातला पुडा कुठला हे नावावरून कळणार नाही. चिमूटभर गरम पाण्यात टाका. पान उलगडलं तर काश्मिरी, तळाला भरड गाळ बसला तर अरबी. तयार प्रीमिक्स असेल तर मागचे घटक वाचा. आणि कॉफी निघाली, तर ज्यांना रात्री लवकर झोप येत नाही त्यांना जेवणानंतर देऊ नका.