पक्षसंलग्न संघटना

राजकीय पक्षाशी त्याच्या घटनेतील तरतुदीने, निधीने किंवा दीर्घ परंपरेने जोडलेल्या, परंतु स्वतःचे सभासद, पदाधिकारी आणि हिशेब वेगळे ठेवणाऱ्या हितसंबंधी संघटना. कामगार, शेतकरी, विद्यार्थी, व्यावसायिक अशा गटांचे प्रश्न पक्षात मांडणे आणि पक्षाचा कार्यक्रम त्या गटांपर्यंत नेणे, असे दुहेरी काम त्यांच्याकडे असते. दबावगट बाहेरून सरकारवर वजन आणतो. संलग्न संघटनेला उमेदवारांची निवड, परिषदेतील मतदान आणि कार्यकारिणीतील जागा यांत पक्षाच्या आतच वाटा मिळू शकतो. पक्षाने स्वतःच्या ठरावाने उभी केलेली युवक किंवा महिला आघाडी व्यवहारात याच नावाने ओळखली जात असली, तरी तिची स्वायत्तता बहुधा मर्यादित असते.

या संघटनांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मॉरिस द्यूव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने 1951 मध्ये पक्षांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रचनेचे असे दोन प्रकार मांडले. पहिल्यात व्यक्ती थेट पक्षाची सभासद होते, तर दुसऱ्यात संघटनेच्या सभासदत्वातून पक्षाशी नाते जडते. ब्रिटनचा मजूर पक्ष हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. 1900 साली कामगार संघटना आणि फेबियन सोसायटीसारखी समाजवादी मंडळे यांनी मिळून कामगार प्रतिनिधित्व समिती स्थापन केली आणि 1906 मध्ये तिने मजूर पक्ष हे नाव घेतले. व्यक्तिगत सभासदत्वाची रीतसर सोय 1918 मध्ये झाली. म्हणजे येथे संघटना आधी आणि पक्ष नंतर. स्वीडनमध्ये क्रम उलटा दिसतो: सामाजिक लोकशाही पक्ष 1889 चा, तर कामगार संघटनांचा मध्यवर्ती महासंघ 1898 चा. यावरून काही अभ्यासक पक्षाला जनक मानतात. पण दोन्हींमागे चळवळीतील तीच माणसे होती, हे लक्षात घेता जन्मक्रमावर फार भर देणे योग्य वाटत नाही. संघटनेचे पक्षातील बळ समजून घेण्यास वर्गणी आणि मतमोजणीचे नियम अधिक उपयोगी पडतात.

वर्गणीचा वाद ब्रिटनमध्ये न्यायालयात गेला. युनियनचा पैसा मजूर पक्षासाठी खर्च होण्यास ऑस्बर्न या रेल्वे कामगाराने हरकत घेतली आणि 1909 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) असा खर्च युनियनच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. खासदारांना त्या काळी वेतन नव्हते आणि मजूर खासदारांचा खर्च युनियनच्या पैशांतून भागत असे, त्यामुळे हा निर्णय पक्षाच्या मुळावर आला. वेतन 1911 मध्ये सुरू झाले. 1913 च्या कायद्याने सभासदांच्या मतदानानंतर वेगळा राजकीय निधी उभारण्यास मुभा दिली. वर्गणी नको असलेल्याने तसे लेखी कळवायचे होते. 1926 च्या सार्वत्रिक संपानंतर, 1927 मध्ये, नियम उलटवण्यात आला आणि वर्गणी देऊ इच्छिणाऱ्यानेच लेखी संमती द्यावी असे ठरले. त्यानंतर पक्षाची संलग्न सभासदसंख्या 30 लाखांहून अधिक होती ती सुमारे 20 लाखांवर आली. कोणाचेही मत बदलले नसताना केवळ अर्जाची दिशा बदलल्याने हे घडले असावे, असे मानण्यास जागा आहे. 1946 मध्ये जुनी पद्धत परत आली.

संलग्न युनियनच्या सभासदसंख्येवर मजूर पक्षाच्या परिषदेतील तिच्या मतांचे वजन ठरे. युनियनच्या साऱ्या सभासदांची मते तिचे शिष्टमंडळ एकगठ्ठा टाकत असे. त्यामुळे दुबळ्या माणसांना सामुदायिक आवाज मिळाला, हे खरे. मात्र संघटनेतील अल्पमत त्या गठ्ठ्यात पुरते विरून जाई, हा आक्षेपही निराधार नव्हता. 1993 मध्ये ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाला उमेदवारनिवडीत मोठे स्थान मिळाले आणि 2014 मध्ये नेतानिवडीची पद्धतही बदलली.

मेक्सिकोत 1938 साली सत्ताधारी पक्षाची पुनर्रचना कामगार, शेतकरी, लोक (सरकारी नोकर, मध्यमवर्ग इत्यादी) आणि लष्कर अशा चार विभागांत झाली. लष्करी विभाग अल्पकाळच टिकला. ऑस्ट्रियाच्या पीपल्स पार्टीतही शेतकरी, व्यापारी आणि नोकरदार यांच्या संघांना महत्त्व आहे.

भारतात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस (1920) आणि किसान सभा (1936) यांच्या काळात, कामगार-शेतकरी संघटनांना काँग्रेसमध्ये सामूहिक सभासदत्व द्यावे, अशी डाव्या गटाची मागणी होती. ती मान्य झाली नाही. काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने (1938) शेतकऱ्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला, पण काँग्रेस हीच मुख्यतः शेतकऱ्यांची संघटना आहे, अशी भूमिका घेतली. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात स्वतंत्र राजकीय निधीची तरतूद असून त्यातील वर्गणी ऐच्छिक ठेवण्यात आली होती. 1947 मध्ये काँग्रेसशी जवळीक असलेली इंटक (भारतीय राष्ट्रीय ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन झाली. कम्युनिस्ट पक्ष 1964 मध्ये फुटला, तेव्हा त्याची कामगार आघाडी, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, लगेच दुभंगली नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जवळीक असलेली सिटू (सेंटर ऑफ इंडियन ट्रेड युनियन्स) 1970 मध्ये तिच्यातून वेगळी झाली.