बळीचा बकरा (तेंडुलकरांच्या नाटकांतला)

स्वतःचं पाप दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारून जमाव मोकळा होतो त्याला आपण बळीचा बकरा म्हणतो. पण शब्दाचा थोडा घोळ आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या विधीत बकरे दोन असतात, एक कापला जातो आणि दुसऱ्यावर सगळ्यांची पापं लादून त्याला रानात हाकलतात, मराठीत मात्र हे दोन्ही एकाच शब्दात मावतात. विजय तेंडुलकरांकडे दोन्ही सापडतात, म्हणून हा फरक धरून ठेवलेला बरा.

हाकललेली ती 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली बेणारे. हे नाटक रंगायन या नाट्यसंस्थेनं १९६७ मध्ये आणलं, लिहिलं गेलं बहुधा त्याच्या काही वर्षं आधी. बीजाबद्दल वाद आहे. काहीजण स्विस लेखक ड्युरेनमाटच्या १९५६ च्या कथेकडे बोट दाखवतात कारण तिथंही गंमत म्हणून खटला सुरू होतो, तर तेंडुलकर सांगायचे की पार्ल्यात अभिरूप (म्हणजे लुटुपुटूच्या) न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या मंडळींच्या बोलण्यावरून ते सुचलं. साम्य आहेच, पण कथेत आरोपी एक पाहुणा पुरुष आणि इथं नाटकमंडळींतलीच अविवाहित गरोदर शिक्षिका, त्यामुळे दुसरं म्हणणं जास्त पटतं. आरोप बालहत्येचा आणि निकाल काय तर पोटातला गर्भ नष्ट करा! हा उलटेपणा कोर्टातल्या एकालाही खटकत नाही, जमावाचं डोकं कसं चालतं ते इथं कळतं.

मारला गेलेला तो 'घाशीराम कोतवाल' मधला घाशीराम. खरा घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता, कोठडीत तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले (आकडे वेगवेगळे मिळतात) आणि १७९१ च्या ऑगस्टअखेर लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. नाटक १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात आलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. ब्राह्मणांची रांग हाच पडदा, तीच भिंत, तोच जमाव, आत्ता बावनखणीत (कलावंतिणींच्या वस्तीत) आणि लगेच हरिनामात. या मानवी पडद्याचं मूळ कोकणातल्या नमन-खेळ्यांत की दशावतारात यावर एकमत नाही, खेळ्यांचं पारडं थोडं जड वाटतं. फ्रेंच विचारवंत रने जिरारचा बळीबद्दलचा ग्रंथही १९७२ चाच, त्यामुळे प्रभाव वगैरे शोधण्यात अर्थ नाही.

घाशीराम निर्दोष नाही, बेणारे आहे. तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी, खरा जबाबदार माणूस रिंगणाबाहेरच राहतो. बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत आणि घाशीरामला कोतवाल करणारा नाना फडणवीस त्याला जमावाच्या हवाली करून नामानिराळा होतो.

नाशिकच्या प्रेक्षकाला हे जरा वेगळं पडतं कारण इथल्याच वसंत कानेटकरांच्या ऐतिहासिक नाटकांत मधोमध एक मोठा माणूस असतो, तेंडुलकरांनी तिथं घोळका आणून उभा केला. इथल्या साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी पाहणाऱ्यांना 'शांतता' मधली मंडळी तर लगेच ओळखू येतात, गावोगाव प्रयोग करत फिरणारी, पाठांतर कच्चं असलेली, एकमेकांची उणीदुणी तोंडपाठ असलेली.