कासेला कुंकू: कोरफड, हळद, चुना आणि दगडी

कोरफडीचं जाड पान घ्यायचं, कडेचे काटे काढायचे, तुकडे करून हळदीबरोबर मिक्सरला लावायचं, पिवळा लगदा होतो, आणि मग त्यात खायचा चुना टाकला की बघता बघता सगळं लालभडक. आमच्या आत्यानं पहिल्यांदा केलं तेव्हा मिक्सरचं झाकण उघडून म्हणाली, अगं बाई, हे तर कुंकू झालं! आणि ते खरंच आहे, कारण जुन्या पद्धतीचं कुंकू हळद आणि चुन्यापासूनच बनायचं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तीच केमिस्ट्री. हळदीतलं करक्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे चुना-साबणासारख्या क्षारात, गेलं की रंग बदलतं.

हा लगदा गाईच्या सुजलेल्या कासेला लावायचा असतो. कासदाह, गावात दगडी म्हणतात, कारण कास हाताला खरंच दगडासारखी लागते. प्रमाण 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना. तमिळनाडूतले पशुवैद्य डॉ. पुण्यमूर्ती यांनी असे पारंपरिक उपाय नीट मापात बसवले आणि पुढे एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, ते दूध संघांमार्फत गोठ्यापर्यंत नेले, म्हणजे हे नुसतं आजीच्या बटव्यातलं राहिलेलं नाही.

आता यात कोण काय करतं ते बघू. करक्युमिन सूज कमी करतं पण त्याची एक मोठी खोड आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. चुन्यामुळे ते विरघळतं. पण गंमत अशी की विरघळलेलं करक्युमिन अल्कलीत फार टिकतही नाही, मोडून जातं, म्हणून लगदा रोज ताजा करायचा, आठवड्याचा एकदम करून फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. चुना स्वतः जंतू मारतो पण जास्त झाला तर सडांची, म्हणजे आचळांची, कातडी भाजून निघते, तेव्हा अंदाजपंचे टाकू नका, 15 ग्रॅम म्हणजे 15च. कोरफडीचा गर हे सगळं कासेला धरून ठेवतो आणि गारवा देतो.

लावायची पद्धत मात्र कंटाळवाणी आहे आणि लोक तिथेच चुकतात. कास धुवायची, दूध पूर्ण पिळून काढायचं, मूठभर लगदा 150 ते 200 मिली पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला लावायचा, परत थोड्या वेळानं धुवायचं, पिळायचं, लावायचं. दिवसातून 10 वेळा, 5 दिवस! बहुतेक लोक सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी लावतात आणि गुण नाही आला म्हणतात. मला तर वाटतं निम्मं श्रेय या पिळण्यालाच आहे, कारण दगडीचे जंतू सडाच्या भोकातून आत शिरलेले असतात, बाहेरून लावलेली हळद तिथपर्यंत कितीशी पोचणार, पण प्रत्येक वेळी पिळलं की जंतू आणि त्यांनी केलेली घाण दोन्ही बाहेर पडतात.

म्हणूनच सुरुवातीची सूज, दुधात थोड्या गुठळ्या, इथपर्यंत हा उपाय चांगला. गाईला ताप आहे, चारा सोडलाय, दूध पाण्यासारखं येतंय, कास निळी पडायला लागलीय, तर मिक्सर शोधत बसू नका, डॉक्टरला फोन करा. ई. कोलाय नावाच्या जंतूंच्या दगडीत विष रक्तात जातं आणि एका दिवसात जनावर हातचं जाऊ शकतं. शेतकरी डॉक्टर टाळतो त्याचं एक कारण वेगळंच असतं, अँटिबायोटिक दिलं की ठरलेले दिवस दूध डेअरीला घालता येत नाही, आणि तो तोटा कुणी भरून देत नाही.

पोटफुगीचा उपाय याच्यापेक्षा सोपा आणि त्याचं कारण तर अगदी स्वच्छ आहे. पावसात कोवळा लसूणघास भरपूर खाल्ला की कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, फेस होतो, बारीक बारीक बुडबुडे, गाईला ढेकर देता येत नाही, डावी भकाळ, म्हणजे डावी कूस, ढोलासारखी फुगते आणि फुप्फुसावर दाब येऊन ती काही तासांत मरू शकते. अशा वेळी जुनी माणसं गोडेतेल पाजतात, त्यात हिंग. तेल बुडबुड्याचा पातळ पडदा फोडतं, बुडबुडे एकत्र होतात, ढेकर निघते. मेडिकलमधली फेस मोडायची बाटलीही हेच काम करते. पण फेस नसून नुसता गॅस कोंडला असेल, समजा घशात बटाटा किंवा आंब्याची कोय अडकलीय, तर तेलाचा काही उपयोग नाही, आधी ती काढावी लागते.

आणि पाजताना एक बघा. घाईत आपण तोंड आकाशाकडे उचलतो, जीभ ओढून धरतो आणि बांबूच्या नळकांड्यातून भसकन ओततो. जीभ धरली की गाईला गिळता येत नाही, तेल सरळ श्वासनळीत. पोटफुगी उतरते आणि चार दिवसांनी गाय न्यूमोनियानं जाते, मग सगळे म्हणतात नजर लागली. मान सरळ ठेवा, थोडं थोडं पाजा, आणि ठसका लागला की हात लगेच थांबवा.