आधी बाभूळ ओळखा, मग जेसीबी बोलवा

बांधसफाईसाठी आम्हाला फोन येतो तेव्हा निरोप एकच असतो, "बाभळी काढायच्या आहेत." शेतात पोचल्यावर कधी ती वेडी बाभूळ निघते, कधी सुबाभूळ, तर कधी चक्क आपली गावठी 'बाभूय'. तिन्हींचं काम वेगळं, दरही वेगळा. म्हणून आधी झाडाजवळ जाऊन एवढं बघून घ्या.

फुलं असली तर प्रश्नच मिटला. गावठी बाभळीचा गोंडा गोल, पिवळाधमक. सुबाभळीचाही गोलच, पण पांढरट. वेड्या बाभळीला गोंडा नसतो, बोटाएवढा फिकट पिवळा तुरा लोंबतो.

फुलं नसतील तर शेंगा बघा. गावठीची शेंग राखाडी, मण्यांच्या माळेसारखी बी-बीमध्ये आवळलेली. सुबाभळीच्या चपट्या, तपकिरी, घोसाने लटकणाऱ्या. वेडीची पिवळट, थोडी वाकडी आणि चवीला गोड. सगळा घोळ या गोडीचा. शेळ्या-गुरं शेंगा खातात, बी शेणातून जसंच्या तसं पडतं आणि शेणखताबरोबर थेट वावरात पोचतं.

पानं तिघींची बारीक, म्हणून माणूस फसतो. काटा नसेल तर सुबाभूळ. काटा असेल तर पान हातात घ्या. मधल्या दांडीला फांट्यांच्या एक-दोन जोड्या, क्वचित तीन, असतील तर वेडी. गावठीला बहुधा तीन ते सहा.

साल शेवटी बघा. जुन्या गावठीची काळपट, उभ्या खोल भेगांची. वेडीची राखाडी-तपकिरी, खरबरीत. सुबाभळीची करडी, बरीच गुळगुळीत. कोवळ्या झाडावर मात्र सालीवरून ठरवू नका, आम्हीही चुकलोय.

वेडी आणि सुबाभूळ दोन्ही अमेरिका खंडातल्या. वेडी इकडे १८७० च्या दशकात आली. तिला कुऱ्हाडीने वरून छाटली की बुडापासून झुडूपच उठतं. बुंध्याखालचा फूटभर खोड-मुळाचा भाग उपसल्याशिवाय आम्ही काम पुरं झालं म्हणत नाही. सुबाभूळ शेंगा वाळण्याआधी काढलेली बरी. कोवळा पाला शेळ्यांना दुसऱ्या चाऱ्यात मिसळून चालतो, घोड्याला नको, आयाळ-शेपटीचे केस गळतात.

गावठी निघाली तर "खरंच काढायची का?" असं आम्ही एकदा विचारणारच. वखराला, बैलगाडीच्या चाकाला हेच लाकूड लागायचं.

व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा: फूल किंवा शेंग, जवळून एक पान, बुंधा. तोडीची परवानगी लागत असेल तर ती तुमच्याकडून. काळ्या रानात पावसाळ्यात मशीन रुततं, तेव्हा कापूस निघाल्यावरची तारीख धरा.