स्लोव्हो, जो

(२३ मे १९२६–६ जानेवारी १९९५). दक्षिण आफ्रिकेतील वकील, वर्णविद्वेषविरोधी भूमिगत लढ्याचे एक सेनानी व कम्युनिस्ट नेते. मूळ नाव योसेल. लिथुएनियातील ओबेलियाय येथे ज्यू कुटुंबात जन्म. कुटुंब बहुधा १९३४ च्या सुमारास जोहॅनिसबर्गला स्थलांतरित झाले. शाळा लवकर सोडल्यावर त्यांनी औषधांच्या घाऊक पेढीत कारकुनी केली, १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर विटवॉटर्सरँड विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. पत्रकार रूथ फर्स्ट ह्यांच्याशी १९४९ मध्ये विवाह. १९५६ च्या राजद्रोह खटल्यात ते आरोपी होते. पुढे त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले.

‘उमखोंतो वे सिझ्वे’ (राष्ट्राचा भाला) ह्या सशस्त्र संघटनेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. तिचा उगम मात्र वादग्रस्त आहे. कम्युनिस्ट पक्षाने १९६० च्या अखेरीसच सशस्त्र मार्गाचा विचार केला होता. वर्णविद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९६१ च्या मध्यास, आपले अध्यक्ष अल्बर्ट लुथुली ह्यांच्या अहिंसानिष्ठेचा मान राखून, वेगळ्या संघटनेस मुभा दिली. ह्यावरून इतिहासकार स्टीफन एलिस पुढाकाराचे श्रेय कम्युनिस्ट पक्षाला देतात. तथापि दोन्हीकडची प्रमुख माणसे बऱ्याच अंशी तीच असल्याने, दोन विचारप्रवाह एकत्र आले हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

डिसेंबर १९६१ मधील पहिल्या घातपाती मोहिमेत जोहॅनिसबर्गचा ड्रिल हॉल ही लष्करी वास्तू जाळण्याचे काम स्लोव्होंकडे होते. राजद्रोह खटल्याची प्राथमिक सुनावणी ह्याच वास्तूत झाली होती. तेथे सफाई कामगार आढळल्याने ते पिशवीतील ज्वालाग्राही साधन घेऊन एका कार्यालयात शिरले, तोच एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांना हटकले. भावाला सैनिकी सेवेतून सूट हवी आहे, अशी वकिली थाप मारून ते निसटले, असे त्यांच्या आठवणींत आहे.

१९६३ पासून ते परदेशात होते. जून १९८० मधील सासोल कंपनीच्या तेलप्रकल्पांवरील हल्ले त्यांच्या अखत्यारीतील विशेष पथकाने केले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी मापुतो (मोझँबिकची राजधानी) येथे दक्षिण आफ्रिकी सुरक्षा यंत्रणेने पाठविलेल्या टपाली बाँबने रूथ ह्यांचा बळी घेतला. स्लोव्हो सोव्हिएट गुप्तहेर खात्यात कर्नल होते, ह्या तत्कालीन सरकारी प्रचाराला विश्वसनीय आधार नाही.

कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस (१९९१ पर्यंत) असताना त्यांनी स्टालिनशाहीवर उघड टीका केली. १९९० मध्ये ते मायदेशी परतले. गोऱ्या सरकारशी चाललेल्या वाटाघाटींत, ठरावीक मुदतीपुरते सत्तावाटप आणि जुन्या नोकरशाहीला सेवेची हमी, हा त्यांचा १९९२ मधील तोडग्याचा प्रस्ताव स्वपक्षीयांतही वादग्रस्त ठरला, परंतु अंतिम समझोत्यात त्याचा आशय उतरला. १९९४ मध्ये ते मंडेला मंत्रिमंडळात गृहनिर्माणमंत्री झाले. कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दफन जोहॅनिसबर्गच्या सोवेटो भागातील ॲव्हलॉन दफनभूमीत.