उन्हाळ्यात कडक होणारा शॉकअप

जानेवारीच्या पहाटे जळगाव-धुळ्याकडे पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ऊन मी म्हणायला लागले की तोच 45 च्या घरात जातो. या फरकाने केळीच्या बागांचे काय होते, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. माउंटन बाइकचा पुढचा शॉकअपही या उन्हात बदलतो, आणि किती बदलतो ते शाळेतल्या गणितानेच काढता येते.

पुढचे चाक धरणारा हा दोन नळ्यांचा शॉकअप म्हणजे फोर्क. एअर फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी बंद नळीत दाबलेली हवा असते. समजा, जानेवारीत 10 अंशांना तिच्यात 80 पीएसआय दाब भरला. पंपाचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. बाहेरच्या हवेचे 14 मिळवले तर नळीतला खरा दाब 94 होतो. जागा तेवढीच राहिली तर वायूचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. 10 अंश म्हणजे 283 केल्विन, 45 अंश म्हणजे 318. गुणाकार करून बाहेरची हवा वजा केली की काटा 92 च्या जवळ येतो. पंपाला हात न लावता 12 पीएसआय वाढले. सायकलस्वाराचे वजन मात्र तेवढेच आहे.

शॉकअप हाताला धक्के बसू नयेत म्हणून असतो, असे बहुतेकांना वाटते. ते त्याचे दुय्यम काम. टायर जमिनीला चिकटून ठेवणे हे पहिले काम, कारण हवेत उचललेले चाक वळतही नाही आणि ब्रेकलाही जुमानत नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या उतारावर किंवा पाटणादेवीच्या रानवाटांवर सुट्या दगडगोट्यांवरून उतरताना कडक झालेला फोर्क दगडामागून दगड उडत जातो, आणि सायकल नेमकी वळणावर बाहेर फेकली जाते.

म्हणून सॅग मोजायचा. सॅग म्हणजे स्वाराच्या नुसत्या वजनाने फोर्क जेवढा दबतो तेवढे अंतर. पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट, जे घालून फिरणार ते सगळे घालावे. कुणाला तरी सायकल धरायला सांगावे, नेहमीच्या पवित्र्यात पेडलवर उभे राहावे, चकचकीत नळीवरचे रबरी कडे खाली सरकवून सीलला, म्हणजे नळी खालच्या जाड पायात शिरते तिथल्या रबराला, टेकवावे आणि धक्का न देता उतरावे. फोर्कची एकूण चाल 100 मिलिमीटर असेल तर कडे 15 ते 20 मिलिमीटर वर सरकलेले दिसले पाहिजे. लांब चालीच्या फोर्कला 20 ते 25 टक्के चालतात, मागच्या शॉकला 25 ते 30. खानदेशात हे माप वर्षातून निदान दोनदा, थंडी लागताना आणि होळीनंतर, नव्याने घ्यावेच लागते. तोरणमाळ हजार मीटरपेक्षा उंच आहे म्हणून तिथे वेगळा दाब हवा का, असे काही जण विचारतात. तेवढ्या चढाने बाहेरच्या हवेचा दाब दीड पीएसआयच्या आसपास कमी होतो. ते सोडून द्यावे, तापमानाकडे बघावे.

स्प्रिंग, हवेची असो की पोलादाची, ऊर्जा साठवते आणि परत करते. 75 किलोचा माणूस आणि 13 किलोची सायकल 30 सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली आली तर सुमारे 260 ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. काही गुडघे-कोपर घेतात, काही टायर. उरलेली स्प्रिंगने जशीच्या तशी परत केली तर ती हँडलच वर फेकेल. डॅम्पर तिला अडवतो. फोर्कच्या दुसऱ्या नळीत तेल असते, ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि ऊर्जेची उष्णता होते. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात जुन्या सायकली डोंगरावरून सोडणारी मंडळी होती. उतरेपर्यंत त्यांच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून जायचे आणि दरवेळी नवे भरावे लागायचे. उतारावरची ऊर्जा शेवटी उष्णताच होते, ती कुठे सोडायची एवढेच आपण ठरवतो.

तेल तापले की पातळ होते, पातळ तेल छिद्रांतून भरकन जाते आणि फोर्क जास्त जोराने उसळतो. फोर्कच्या पायाखालचा रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगाने वर यावा हे ठरवणारा, खटका कडक उन्हात एक-दोन घरे हळू बाजूला फिरवावा. फार हळू केला तर दुसरा दगड येईपर्यंत फोर्क वर आलेला नसतो आणि दबत दबत आखडून बसतो. फोर्क दबू न देणारा लॉकआउट चढावर वापरावा, उतरताना आठवणीने सोडावा. फोर्क तसाच अडकवून ठेवून दगडांवर आदळले की डॅम्परवर नको तो ताण येतो.

आपल्या दुकानांतल्या स्वस्त सायकलींच्या चिमट्यात बहुधा पोलादी स्प्रिंग असते आणि डॅम्पर नावालाच. वरची प्रीलोडची चकती फिरवल्याने सुरुवातीचा ताण वाढतो, स्प्रिंग कडक होत नाही. अशा सायकलीने रोजच्या रस्त्यावर, शेतवाटेवर खुशाल फिरावे, उड्या मारू नयेत.

आता धूळ. इथला दगड बेसॉल्ट, त्याची पूड नळीवरचा पातळ मुलामा खरवडण्याइतकी टणक. सीलच्या रबरात एक कण रुतला की प्रत्येक हालचालीला घासतो, ओरखडा पडतो आणि तिथून तेल झिरपते. पावसात काळी माती चिकटते, वाळून कडक होते आणि सीलच्या ओठाशी कड धरून बसते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ओल्या मऊ फडक्याने आणि मग कोरड्याने नळ्या पुसाव्यात. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा सीलवर मारू देऊ नये, पाणी माती आत ढकलते. रॉकेल, डिझेल, पेट्रोल सीलला लावू नये, रबर फुगते. साधारण 50 तास चालवल्यावर खालचे पाय उतरवून तेल आणि फोमच्या चकत्या बदलायच्या असतात. आपल्या धुळीत हे आधीच करून घ्यावे.

एअर फोर्कचा व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबसारखाच असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावरची नळी त्याला बसते. बसली तरी लावू नये. आतली जागा इतकी लहान की क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो. कमाल दाब बहुधा फोर्कच्या पायावर लिहिलेला असतो. भरायला शॉक पंपच हवा. हवा पूर्ण सोडल्याशिवाय वरचे झाकण उघडले तर ते गोळीसारखे सुटते. मागच्या शॉकमध्ये 200 पीएसआयच्या वरही दाब असू शकतो आणि काहींमध्ये नायट्रोजनचा वेगळा कप्पा असतो. तो गल्लीतल्या मेकॅनिकने उघडू नये, कितीही हुशार असला तरी.

उतारावर निघण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलखाली खडखड आली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, ढिला आहे, तो तिथल्या तिथे घट्ट करता येतो. खडखड नळी आणि खालच्या पायाच्या सांध्यात आली तर बुशिंग, म्हणजे नळी ज्यात सरकते ते आतले कडे, झिजले आहे. नळ्या जिथे वर जोडल्या जातात त्या तुकड्यावर केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की धातूची, याचा वाद घालत बसू नये. सायकल ढकलत परत आणावी.